चित्रपटकोशांतील पाठभेद आणि प्रमाद

एकादशी कोणत्या दिवशीं धरावी याविषयीं घरांत वाद निघाला नाहीं असें वर्ष विरळाच. एकजण टिळक पंचांग पुढें करतो, दुसरा दाते पंचांग उघडतो, आणि दोहोंत अंतर दिसतांच धाकटी मंडळी "मग खरें कोणतें?" असा सवाल टाकून मोकळी होतात. घरांतील जाणतें वडील माणूस मात्र कोणत्याहि पंचांगास एकदम खोटें म्हणत नाहीं. गणित कोणत्या पद्धतीचें, सूर्योदय कोणत्या गांवचा, व्रत स्मार्तांचें कीं भागवतांचें, हे तीन प्रश्न तें आधीं विचारतें. त्यांचीं उत्तरें मिळालीं म्हणजे बहुतेक भांडण आपोआप मिटतें. त्यानंतरहि जें अंतर शिल्लक राहील तेवढ्यालाच चूक म्हणावें, असा आपल्याकडील शहाण्यांचा रिवाज आहे.

हाच विवेक आज आणखी एका प्रकारच्या ग्रंथांविषयीं अवश्य झाला आहे. चित्रपट हा आतां केवळ चार घटका करमणुकीचा विषय राहिलेला नाहीं. त्याला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासाचे कोशहि झाले आहेत. अमेरिकेंत लेनर्ड मॉल्टिन यांचा चित्रपट-मार्गदर्शक १९६९ सालीं प्रथम निघाला व पुढें सुमारें पंचेचाळीस वर्षें त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. इंग्लंडांत लेस्ली हॅलिवेल यांचा तसाच ग्रंथ १९७७ सालीं आला. आपल्याकडे आशीष राजाध्यक्ष व पॉल विलेमन यांनीं भारतीय चित्रपटांचा इंग्रजी ज्ञानकोश १९९४ मध्यें सिद्ध केला व १९९९ मध्यें त्याची सुधारलेली आवृत्ति काढली. कानपूरचे हरमंदिर सिंह 'हमराज़' यांनीं हिंदी चित्रगीतांचा कोश रचला. या मंडळींचे श्रम पाहिले म्हणजे मस्तक लवतें. तथापि दोन-तीन कोश शेजारीं ठेवून एकच चित्रपट काढून पाहावा. एकांत त्याची लांबी १४० मिनिटें, दुसऱ्यांत १३४, तिसऱ्यांत १५०, अशा तऱ्हेचे आंकडे भेटतात. साल निराळें, नटांचीं नांवें निराळीं, असेंहि घडतें. मग कांहीं वाचक सर्वच कोशांवरील विश्वास उडवून बसतात, तर कांहीं प्रत्येक अंतरास घोडचूक ठरवून संपादकास पत्र धाडतात. आमच्या मतें हे दोन्ही मार्ग उतावळेपणाचे आहेत.

तापी व गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशा हें क्षेत्र दक्षिणकाशी म्हणून आमच्या वाचकांस परिचित आहे. तेथील एखाद्या जिज्ञासु कुटुंबास जुन्या चित्रपटाविषयीं कांहीं जाणून घ्यावयाचें असेल, तर पुण्याचें चित्रपट-संग्रहालय त्याच्या हाताशीं नाहीं. रिळें उलगडून मोजण्याची सोय नाहीं. त्याच्या हातीं असतो एखादा कोश आणि घरांतील पडदा. एवढ्यावरून खऱ्याखोट्याचा निवाडा करतां येईल काय? आम्हांस वाटतें, पुष्कळ अंशीं येईल. आणि कसा, याचा धडा प्रकाशाच्या इतिहासांतच सांपडतो. १८८० च्या गॅझेटियरांत हें गांव खानदेश जिल्ह्यांत आहे. १९०६ मध्यें खानदेशाची वांटणी झाल्यावरचीं पुस्तकें त्यास पश्चिम खानदेशांत दाखवितात. त्यानंतरचीं पुस्तकें धुळें जिल्हा लिहितात, आणि १ जुलै १९९८ पासून तें नंदुरबार जिल्ह्यांत आहे. चार पुस्तकांत चार जिल्हे, आणि चूक एकाचीहि नाहीं. १९५५ मध्यें बी. के. थापर यांनीं याच गांवचें टेकाड खणून ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर उघडकीस आणले. सांपडलेलें खापर कोणत्या थरांतलें हें टिपलें नाहीं, तर त्या खापराचें मोल उकिरड्यावरील खापराहून अधिक नसतें. चित्रपटाच्या मिनिटांचा आंकडा हा असाच थरावांचून हातीं आलेला तुकडा असतो. तो कोणत्या प्रतीचा, कोणत्या वेगाचा, कोणत्या भाषेचा, हें कळल्याखेरीज त्यास खरें किंवा खोटें म्हणतां येत नाहीं.

यासाठीं फिल्मचें साधें गणित समजून घ्यावें लागतें; तें त्रैराशिकाहून अवघड नाहीं. चित्रपटगृहांत चालणाऱ्या ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर एका फुटांत १६ चित्रें बसतात. बोलपटांत सेकंदास २४ चित्रें पडद्यावर जातात, म्हणजे सेकंदास दीड फूट व मिनिटास ९० फूट फिल्म सरकते. आवाज त्याच पट्टीवर उमटविलेला असल्यामुळें हा वेग कमीजास्त करतां येत नाहीं. केल्यास गाणाऱ्याचा सूरच बदलेल. मूकपटांच्या काळीं असें बंधन नव्हतें. यंत्र बहुधा हातानें फिरवीत. सेकंदास १६ चित्रें हा वेग सामान्यतः धरीत. परंतु फिरविणाऱ्याच्या हातास घाई असली, किंवा पुढचा खेळ लवकर लावावयाचा असला, म्हणजे तोच चित्रपट लौकर संपे. सारांश, मूकपटाची खरी लांबी फुटांत असते. मिनिटें हीं त्या फुटांवरून काढलेलीं असतात, आणि तीं काढतांना कोणता वेग धरला हें लिहावयास बहुतेक कोशकार विसरतात.

दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्रा'चेंच उदाहरण घ्या. २१ एप्रिल १९१३ रोजीं तो निमंत्रितांस दाखविण्यांत आला आणि ३ मे रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहांत सर्वांसाठीं लागला. त्याची लांबी ३,७०० फूट दिलेली आढळते. कित्येक ठिकाणीं मात्र केवळ '४० मिनिटें' असें लिहिलेलें असतें. आतां ३,७०० फुटांस ९० नें भागलें तर ४१ मिनिटें येतात. परंतु ९० हा बोलपटाचा वेग आहे. सेकंदास १६ चित्रें, म्हणजे मिनिटास ६० फूट, असें धरलें तर तोच चित्रपट ६१ मिनिटांहून अधिक वेळ चालतो. बोलपटाचें माप मूकपटास लावल्यामुळें आपल्या पहिल्या कथापटाची एक-तृतीयांश लांबी कागदावर गळून जाते, आणि वाचकाची समजूत होते कीं तें कांहीं लहानसेंच चित्र असावें.

याच चित्रपटाची एक जाहिरात प्रसिद्ध आहे. तींत सत्तावन्न हजार छायाचित्रें, दोन मैल लांबी, आणि दर अवघे तीन आणे, असा मोह घातलेला होता. जाहिरात म्हणजे अतिशयोक्ति, असें म्हणून ती टाकून देण्यापूर्वीं तिच्यावरहि त्रैराशिक चालवून पाहावें. ५७,००० चित्रांस १६ नें भागलें म्हणजे सुमारें ३,५६० फूट होतात. ही संख्या ३,७०० च्या इतकी निकट आहे कीं सत्तावन्न हजारांचा आंकडा कोणी हिशेब करूनच घातला असावा. दोन मैल म्हणजे मात्र १०,५६० फूट. ते या चित्रपटाच्या जवळपास तिप्पट होतात. एकाच जाहिरातींतील एक वाक्य साक्षीस उभें करण्याजोगें, तर दुसरें निव्वळ दवंडीचें, हें तिऱ्हाइताच्या सांगण्यावांचून घरबसल्या ठरवितां आलें. कोश पारखण्याची रीत हीच.

बोलपटांचा वेग ठरलेला असल्यामुळें तेथें मिनिटांत अंतर पडूं नये, असें कोणास वाटेल. पण पडतें. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ सालचा. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. १९३७ मध्यें व्हेनिस येथें त्याचा गौरव झाला. त्याची लांबी बहुधा १३१ मिनिटें देतात. तोच चित्रपट दूरदर्शनच्या पद्धतीनें सेकंदास २५ चित्रें याप्रमाणें दाखविला, तर एक फूटहि न कापतां तो १२६ मिनिटांच्या आंतच संपतो. म्हणजे दर २५ मिनिटांमागें एक मिनिट कमी. वर आम्हीं १४० व १३४ हे दोन आंकडे दिले, त्यांचें अंतर याच प्रमाणांत बसतें. एक कोशकारानें चित्रपटगृहांत घड्याळ लावलें आणि दुसऱ्यानें घरांत, एवढाच त्याचा अर्थ. तिसऱ्याचे १५० ते मध्यंतराचीं दहा मिनिटें जमेस धरल्यानें झालेले असण्याचा संभव आहे. कारण परदेशांत मध्यंतराची चाल सार्वत्रिक नाहीं आणि आपल्याकडे त्यावांचून खेळ होत नाहीं.

शिवाय प्रत सर्वत्र एकसारखी नसते. फिल्म फाटली म्हणजे चालक फाटका भाग कापून जोड देत असे. खेडोपाडीं तंबूंतून फिरणारी प्रत अशा जोडांनीं हळूहळू तोकडी होत जाई. कांहीं चित्रपट पहिल्या आठवड्यानंतर निर्मात्यानेंच कापले, कांहींतून पुढील काळांत गाणीं काढलीं गेलीं. महायुद्धाच्या काळांत कच्च्या फिल्मची टंचाई झाल्यामुळें सरकारनें चित्रपटाची लांबी ११,००० फुटांपर्यंत मर्यादित केली होती. ९० च्या हिशेबानें ते दोन तास दोन मिनिटें होतात. तेव्हां त्या वर्षांतील एखादा चित्रपट तीन तासांचा असल्याचें कोशांत दिसलें, तर त्यास लगेच खोटें म्हणूं नये; पण पेन्सिलीनें बाजूस एक प्रश्नचिन्ह अवश्य घालावें.

अंतराचें तिसरें कारण आपल्या महाराष्ट्राचें खास आहे. प्रभात कंपनी एकच कथा मराठींत व हिंदींत निराळी चित्रित करीत असे. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' हिंदींत 'अयोध्या का राजा' झाला. १९३७ चें 'कुंकू' तें 'दुनिया न माने'. १९३९ चा 'माणूस' तो 'आदमी'. १९४१ चा 'शेजारी' तो 'पडोसी'. हीं भाषांतरें नव्हत. प्रसंग पुन्हां घेतलेले, क्वचित् नटहि निराळे. 'शेजारी'मध्यें केशवराव दाते यांनीं केलेली भूमिका 'पडोसी'मध्यें मझहर खान यांनीं केली. गजानन जागीरदार मात्र दोन्हींत आहेत. ज्या कोशांत 'पडोसी'च्या नामावळींत दाते यांचें नांव दिसेल, तेथें कोशकारानें दोन चित्रपटांची मिसळ केली हें निश्चित समजावें. आणि ज्यानें नांवें मिसळलीं त्यानें मिनिटेंहि मिसळलीं असण्याचा संभव धरावा. हा पाठभेद नव्हे, हा प्रमादच.

सालांचेंहि असेंच. 'श्वास' या चित्रपटास २००३ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, कारण पुरस्कारासाठीं सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचें साल धरतात; लोकांनीं तो पाहिला २००४ मध्यें. फाळक्यांच्याच धडपडीवरील 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' कोठें २००९ ची म्हणून नोंदलेली आहे, तर चित्रपटगृहांत ती जानेवारी २०१० मध्यें आली. दोन्ही सालें खरीं. कोशकारानें कोणतें मोजतों हें प्रस्तावनेंत सांगितलें असलें म्हणजे झालें. 'पहिला भारतीय चित्रपट कोणता' या वादाचें मूळहि येथेंच आहे. दादासाहेब तोरणे यांचा 'पुंडलिक' १८ मे १९१२ रोजीं, म्हणजे फाळक्यांच्या जवळजवळ एक वर्ष आधीं लागला. परंतु तें रंगभूमीवरील नाटकाचें चित्रण होतें. पहिला म्हणजे काय, याची व्याख्या जो देत नाहीं त्याचें उत्तर बरोबर कीं चूक हें सांगतांच येणार नाहीं.

उलट कित्येक नोंदी दिसतात चुकीच्या आणि असतात खऱ्या. १९१७ च्या 'लंकादहना'त रामापुढें अण्णा साळुंके व सीतेपुढेंहि अण्णा साळुंके असें छापलेलें पाहून कोणीहि मुद्रिततपासनिसास दोष देईल. पण त्या गृहस्थांनीं खरोखरच दोन्ही भूमिका केल्या होत्या. त्यापूर्वीं ते 'राजा हरिश्चंद्रां'त तारामती झाले होते. १९१९ च्या 'कालियामर्दना'त कृष्णापुढें मुलीचें नांव आढळतें, तीहि चूक नव्हे. तो कृष्ण फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिनें केला. खोडरबर हातीं घेण्यापूर्वीं थोडें थांबावें, हें सांगण्यास एवढीं दोन उदाहरणें पुरेत.

मग निखालस चुका कोणत्या? त्यांच्याहि जाती ओळखतां येतात. पहिली, मापाची गल्लत. 'संत तुकारामा'चीं १३१ मिनिटें म्हणजे ११,७९० फूट, अथवा सुमारें ३,५९४ मीटर. मीटरांचा आंकडा कोणी फूट समजून भागला, तर तुकोबांचें सारें चरित्र ४० मिनिटांत आटोपतें. दुसरी, लिहिण्याची गल्लत. दोन तास अकरा मिनिटें हे कोणी २.११ असे टिपून ठेवतो, आणि पुढचा लेखनिक बिंदु गाळून २११ मिनिटें करतो. तिसरी, नांवाची गल्लत. एकाच नांवाचे दोन चित्रपट निरनिराळ्या सालीं निघालेले असले, म्हणजे एकाचें साल दुसऱ्यास चिकटतें. चौथी जात सर्वांत धोक्याची, ती म्हणजे नक्कल. एका कोशांतील चूक पांच कोशांनीं उतरून घेतली कीं वाचकास पांच साक्षीदार भेटल्यासारखें वाटतें. वस्तुतः साक्षीदार एकच असतो व तोहि चुकलेला. याकरितां किती ग्रंथांत एक आंकडा आहे हें मोजूं नये. तो मुळांत कोणीं मोजला हें पाहावें.

'हें एवढें सूक्ष्म पाहून लाभ काय? पांच मिनिटें इकडे कीं तिकडे, काय बिघडतें?' असें कोणी विचारील. याचें उत्तर थोडें खेदाचें आहे. भारतांत १९१२ ते १९३४ पर्यंत निघालेले मूकपट हजाराहून अधिक आहेत. वीरचंद धरमसी यांनीं मोठ्या परिश्रमानें केलेली त्यांची सूची १९९४ मध्यें प्रसिद्ध झाली. पण त्यांपैकीं आज पाहावयास मिळतील असे मूठभरच, आणि तेहि बहुतेक खंडित. बाकीच्यांचें नांव, साल, फूट एवढेंच उरलें आहे. ज्याचा देह गेला त्याची जन्मपत्रिका तरी बरोबर असावी, इतकी ही साधी मागणी आहे. 'राजा हरिश्चंद्रा'ची म्हणून जी फिल्म आज दाखविण्यांत येते, ती सुमारें १,४७५ फूट भरते, म्हणजे मूळच्या दोन-पंचमांश. पण ती तरी १९१३ चीच आहे काय? फाळक्यांनीं १९१७ मध्यें तोच विषय पुन्हां चित्रित केला होता, आणि आज उरलेले तुकडे त्या नव्या प्रतीचे असावेत असें कित्येक जाणत्या अभ्यासकांचें मत आहे. असा प्रश्न सोडवावयाचा तर जुन्या नोंदींतले फूट, रिळांची संख्या व प्रसंगांचा क्रम हींच साधनें. पूर्वीच्या कोणा लेखनिकानें तीं निष्काळजीपणें उतरलेलीं असलीं, तर राष्ट्राच्या पहिल्या चित्रपटाची ओळखच डळमळीत होते.

पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावर या बाबतींत एक मोठा योग जुळून आला आहे. त्याच रस्त्यावर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे, जेथें १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या हस्तलिखितांतील पाठभेद तळटीपांत नोंदून चिकित्सक आवृत्ति पूर्ण करण्यांत आली. त्याच रस्त्यावर प्रभातचा जुना स्टुडिओ, जेथें १९६० पासून चित्रपटविद्येची शासकीय शिक्षणसंस्था आहे. आणि तेथेंच राष्ट्रीय चित्रपट-संग्रहालय, ज्याची स्थापना १९६४ मध्यें झाली व ज्याच्यासाठीं पी. के. नायर यांनीं देशभर हिंडून रिळें गोळा केलीं. महाभारताच्या संपादकांनीं प्रत्येक पाठाचें पोथीनिहाय मूळ सांगितलें; न पटलेला पाठहि त्यांनीं पुसला नाहीं, तळाशीं ठेवला. चित्रपटकोशास हीच शिस्त लागली पाहिजे. नुसतीं '१३१ मिनिटें' नकोत. अमुक प्रत, अमुक फूट, अमुक वेग, अमुक ठिकाणीं पाहिली, असें असावें. रिळें चिरकाल राहतील या भरंवशावर बसतां येत नाहीं. जानेवारी २००३ मध्यें त्याच परिसरांतील कोठारास आग लागून पुष्कळ जुनी नायट्रेट फिल्म भस्म झाली.

यांत आपल्यासारख्या कुटुंबांनीं करण्याजोगें पुष्कळ आहे. जुन्या पेट्यांतून, माळ्यावरून, पोथ्यांच्या रुमालांतून चित्रपटांच्या जाहिराती व पदांच्या चोपड्या अद्याप निघतात. त्यांवर नटांचीं नांवें, कंपनीचें नांव, कधींकधीं रिळांची संख्या छापलेली असते. त्या रद्दींत घालूं नयेत. कोशांत अंतर आढळल्यास छापील आंकडा खोडूं नये. समासांत आपला आंकडा, पाहिल्याची तारीख, आणि घड्याळ चित्रपटगृहांत लावलें कीं घरांत, हें लिहावें. मुलांकडून ९० चें व ६० चें त्रैराशिक करून घ्यावें. त्यांस हा हिशेब पाठ्यपुस्तकांतील हौदाच्या नळांहून खचित रुचेल. आणि पत्र धाडावयाचेंच, तर "आपली चूक झाली" एवढेंच न लिहितां चूक कशावरून ठरविली तें लिहावें. पुढील आवृत्तीस उपयोग होतो तो अशा पत्राचा.